बाग सावळजला, पीक नवी मुंबईत

सावळजला माझी पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. फळछाटणी झाली की रोज सकाळी बागेत चक्कर मारायची, हा तीस वर्षांचा नेम. डोळा फुगला का, पोंगा सुटला का, पानामागं डावणीची बुरशी दिसते का, हे बघितल्याशिवाय चहाला चव लागत नाही. २०२४ च्या हंगामात तेवढा हा नेम मोडला. त्या वर्षी माझं दुसरं एक पीक नवी मुंबईत वाढत होतं आणि तिथं पाय ठेवायची मला परवानगी नव्हती.

पीक म्हणजे माझ्याच रक्तातल्या पेशी. त्या काढल्या, तिकडं नेल्या, त्यांच्यात फेरफार केला, वाढवल्या, गोठवल्या आणि परत माझ्या अंगात सोडल्या. कॅन्सरवरच्या या उपचाराला कार-टी म्हणतात. गावातले लोक अजून विचारतात की नेमकं काय केलं रं तुला, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आजाराचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सगळ्यांचा सारखाच असतो. २०२१ च्या जुलैमध्ये, कृष्णेला पूर आला होता त्याच दिवसांत मानेला गाठ लागली. मिरजेकडचे रस्ते बंद, त्यामुळं बायोप्सी आठवडाभर लांबली. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. बी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, त्यांचाच हा कॅन्सर. आर-चॉप नावाच्या औषधांचे सहा डोस, दर एकवीस दिवसांनी, मिरजेतच झाले. केस गेले, केस आले. चौदा महिने बरे गेले. मग २०२३ मध्ये गाठ परत आली, यावेळी पोटातही. दुसऱ्या केमोनं ती अर्धी विरघळली आणि पुन्हा वाढली. स्वतःच्याच मूळपेशी परत देण्याचं जे प्रत्यारोपण असतं, ते माझ्या बाबतीत बाद झालं. त्याआधी केमोनं आजार नीट दबावा लागतो, आणि माझा दबत नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून मुंबईला पाठवलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले, एकाला टी लिहिलं, एकाला बी, मधे बाण काढला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्यांचाही इलाज नव्हता, बाहेर सव्वाशे माणसं बसली होती. मला खरं समजावलं ते भाचीनं. ती मायक्रोबायोलॉजी शिकलीय, पुण्यात एका लॅबमध्ये पेशी वाढवायचंच काम करते. तिनं महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये पुण्यापासून मिरजेपर्यंत आम्हाला शिकवणी दिली.

"मामा, टी पेशी म्हणजे अंगातले शिपाई. पण कॅन्सरची पेशी तुमच्याच घरातली, त्यामुळं शिपाई तिला ओळखत नाही. बी पेशीच्या अंगावर सीडी१९ नावाचं एक प्रथिन असतं. शिपायाला ते पकडणारा हात नवा लावायचा. त्या हाताचं नाव कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, म्हणजे कार. कायमेरा हा ग्रीक लोकांचा प्राणी, सिंह, बोकड, साप एकात."

"म्हणजे आपला नरसिंह," ही म्हणाली. हिचं माहेर कोळे नरसिंहपूरचं.

"तसंच मामी. बाहेरचा अर्धा भाग अँटिबॉडीचा, म्हणजे जंतूला धरणाऱ्या प्रथिनाचा, तो सीडी१९ ला धरतो. आतला अर्धा टी पेशीचा स्वतःचा, तो आत निरोप देतो की धरलंय, आता मार."

मी म्हणालो, म्हणजे कलमच की. डॉगरिजच्या खुंटावर दुसऱ्या जातीची काडी. खाली मुळं एकाची, वर फळ दुसऱ्याचं. भाची थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की नाही, इथं तुमचं कलम कमी पडतं. कलमात खुंट खुंटच राहतो आणि काडी काडीच. या पेशीच्या जनुकातच नवा मजकूर घालतात. एकीच्या दोन झाल्या तरी दोघींना तो हात असतो, दोनाच्या चार झाल्या तरी चौघींना. हे मला पटलं आणि थोडी भीतीही वाटली.

तो मजकूर आत नेऊन घालायला लेन्टीव्हायरस वापरतात. हा एचआयव्हीच्या कुळातला विषाणू आहे. रोग करणारे आणि स्वतःची पिल्लावळ वाढवणारे भाग काढून टाकलेले, फक्त पेशीच्या जनुकात मजकूर चिकटवायची कला तेवढी ठेवलेली. संमतीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या थोरल्या भावानं ते वाचलं आणि फोन केला, "लेका, कॅन्सर झाला ते झाला, आता हे कुठलं अंगावर घेतोस?" त्याला समजावण्यात दोन दिवस गेले. एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ज्यांचा हा उपचार होईल त्यांनी लक्षात ठेवावी: पुढं कधी एचआयव्हीची काही विशिष्ट तपासणी केली तर त्या चिकटवलेल्या मजकुरामुळं ती चुकून होकारार्थी येऊ शकते. उपचार झाल्याचं कार्ड खिशात असलेलं बरं.

पैशाचं बोलायला हवं. हा उपचार अमेरिकेत पहिल्यांदा २०१७ मध्ये मंजूर झाला तेव्हा एका माणसाची किंमत ४,७५,००० डॉलर होती, नुसत्या पेशींची. आपल्याकडं आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून देशी कार-टी तयार केली, नेक्सकार१९ नावाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्राची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत तिचं लोकार्पण केलं. किंमत तेव्हा तिकडच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे तरी ३० ते ४० लाख. बातमीत "स्वस्त" असा शब्द होता. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. वीस गुंठे विकले, हिचे पाटल्या-तोडे गेले, भावानं ठेव मोडली, सोसायटीचं कर्ज होतंच. विमा कंपनीनं आधी "प्रायोगिक उपचार" म्हणून दावा फेटाळला. मंजुरी होऊन वर्ष झालेलं. पुतण्यानं तक्रारींवर तक्रारी केल्या तेव्हा पॉलिसीची पाच लाखांची मर्यादा तेवढी पदरात पडली.

आणि ४० लाख देऊन खात्री काय? डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. देशी कार-टीच्या चाचणीत ६४ रुग्ण होते, त्यांतल्या ज्यांचा निकाल मोजता आला त्यांच्यात १०० मागं ७३ जणांचा आजार कमी झाला किंवा गेला. गेलेला सगळ्यांचा गेलेलाच राहतो असं नाही. ही म्हणाली, "द्राक्षाला एवढी तरी खात्री असते का?" हिशेब तिथंच मिटला.

फळछाटणी २० ऑक्टोबरला झाली. पाऊस लांबल्यामुळं उशीरच झाला होता. पेशी काढायची तारीख दिवाळीआधीची मिळाली होती, पण रक्त तपासलं तर लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी जातीच्या पांढऱ्या पेशी, इतक्या कमी की काढायला गेलं तर हाती काही लागणार नाही. केमोनं वाईट पेशींबरोबर चांगल्याही झोडपलेल्या. शिवाय त्या आधीचे काही दिवस स्टेरॉइड बंद ठेवावं लागतं, कारण ते टी पेशी मारतं. आणि ते बंद केलं की मानेची गाठ ठणकायची. परत आलो. दिवाळी सावळजला झाली. भाऊबीजेला बहीण ओवाळताना बघत होती माझ्या मानेकडं.

१२ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीला, नंबर लागला. बाग त्या दिवशी तेवीस दिवसांची होती, फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, काढायची वेळ. बागायतदार बागेचं वय छाटणीपासून मोजतो. दवाखान्यातही तसंच निघालं, तिथं पेशी अंगात सोडतात तो दिवस शून्य. त्याच्या आधीचे दिवस वजा, नंतरचे अधिक. ही एक गोष्ट मला तिथं पहिल्यापासून ओळखीची वाटली.

पेशी काढायच्या प्रकाराला अ‍ॅफेरेसिस म्हणतात. केमोनं हाताच्या शिरा दोरखंडासारख्या कडक झालेल्या, म्हणून मानेच्या मोठ्या शिरेत नळी घातली. एका वाटेनं रक्त बाहेर, यंत्रात भोवंडलं जातं, जड तांबड्या पेशी एकीकडं, हलक्या एकीकडं, मधल्या थरातल्या पांढऱ्या पेशी पिशवीत आणि बाकी सगळं दुसऱ्या वाटेनं परत माझ्यात. दूध डेअरीतलं क्रीम काढायचं यंत्र ज्यानं बघितलंय त्याला वेगळं समजवायला नको. चार तास लागले. अंगात रक्त पाच लिटर, पण यंत्रातून दहा-बारा लिटर फिरवलं, म्हणजे तेच रक्त दोन-अडीच फेरे घेऊन आलं. तासाभरानं ओठ आणि बोटं मुंग्यांनी भरली. रक्त नळीत गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात ते रक्तातला कॅल्शियम धरून ठेवतं. नर्सनं कॅल्शियमची पिशवी लावली, मुंग्या गेल्या. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळं पहिली दहा मिनिटं मला वाटलं लकवाच मारला.

शेवटी पिशवी बघायला मिळाली. पातळ, फिकट तांबूस, पेलाभर. त्यावर माझं नाव, जन्मतारीख आणि एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक पुढच्या प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक कागदावर जातो, कारण एकाच्या पेशी दुसऱ्याला गेल्या तर त्या पेशी दुसऱ्याच्या अंगाला परकं समजून त्याच्यावरच उठतील. खोक्यात घालून ती घेऊन जाणाऱ्या पोराच्या मागं मी दारापर्यंत गेलो. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, काका कुठं?

मग सुरू झालं वाट बघणं.

गावात विधानसभेची धामधूम होती. २० नोव्हेंबरला मास्क लावून मतदान करून आलो. ज्यांना माहीत होतं ते लांबून नमस्कार करत होते, ज्यांना नव्हतं ते गळ्यात पडत होते. मानेची गाठ मधल्या काळात हाताबाहेर जाऊ नये म्हणून मिरजेत एक हलका डोस दिला. त्याला ब्रिजिंग म्हणतात, म्हणजे पूल. सांगलीच्या माणसाला पूल म्हटलं की आयर्विन पूल आणि पाणी किती फुटांवर आलं तेच आठवतं, आणि खरं सांगायचं तर दोन्हीत फरक नव्हता. पाणी चढत होतं, पूल तेवढा टिकायला हवा होता.

या दिवसांत मी भाचीला रोज फोन करायचो. आज काय चाललं असेल? ती माझ्या पेशींच्या लॅबमध्ये नव्हती, पण साधारण रीत तिला माहीत. पहिल्यांदा पिशवीतल्या मिसळीतून टी पेशी वेगळ्या काढायच्या. त्या झोपलेल्या असतात, त्यांना अँटिबॉडीचा हात लावून जागं करायचं. जागी झालेली पेशी मोठी होते आणि फुटायला लागते. त्याच वेळी विषाणू सोडायचा, कारण नवा मजकूर जागी पेशी लवकर घेते. मग ३७ अंशांच्या कपाटात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, पोषक द्रावणात त्यांना वाढू द्यायचं. वाढ चालू राहावी म्हणून इंटरल्यूकिन नावाची प्रथिनं थोडी थोडी घालायची. खोलीत येणारी हवा गाळलेली, आत जाणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, हातमोज्यावर हातमोजा. घड्याळ, अंगठी, कुंकू, काजळ काही चालत नाही. मोजायला थोड्या पेशी काढून त्यांच्यावर निळा रंग टाकतात. मेलेली पेशी रंग आत येऊ देते आणि निळी पडते. जिवंत पेशी रंग बाहेरच ठेवते.

एकदा तिनं तिच्या लॅबमधल्या टी पेशींचा सूक्ष्मदर्शकातला फोटो पाठवला. माझ्या नव्हेत, कुठल्यातरी प्रयोगातल्या. जाग्या झालेल्या टी पेशी एकेकट्या राहत नाहीत, एकमेकींना चिकटून गुच्छ करतात. गोल गोल मणी, एकावर एक, कडेनं विरळ, मधे दाट. मी हिला मोबाईल दाखवला. ही चष्मा लावून बघत म्हणाली, "मणी दाटलेत, थिनिंग करायला झालंय."

चौदाव्या दिवशी रुग्णालयातून समन्वयक बाईंचा फोन आला. पेशी वाढताहेत, पण हळू. दोन-तीन दिवस जास्त लागतील. मी विचारलं, खत वाढवता येत नाही का? त्या हसल्या, मला वाटतं दिवसभरात पहिल्यांदाच. रात्री भाचीला विचारलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मामा, नुसता आकडा वाढवून चालत नाही. फार दिवस फार ताणून वाढवलेली टी पेशी दमते. अंगात गेल्यावर चार दिवस लढते आणि संपते. कोवळी पेशी गेली तर ती आत जाऊन स्वतः वाढते आणि मागं राहते." हे मला कुणी शिकवायला नको होतं. जीए, म्हणजे मणी फुगवायचं संजीवक, जास्त पाजलेला मणी गाडीवर टपोरा दिसतो, खाल्ल्यावर कळतो. पण बागेत असं झालं की मी जाऊन वेलीखाली बसतो, काडी बघतो, मुळी उकरतो. इथं फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसलो. माझी सगळी मिळकत ज्या पिकावर लावली होती, त्याची वाढ खुंटली होती आणि मला त्याचं एक पानसुद्धा दिसत नव्हतं.

वाढल्यावरही लगेच देत नाहीत. जिवंत किती, नवा हात लागलेल्या किती, काही जंतू-बुरशी शिरली का, हे तपासतात. जंतू नाहीत हे सिद्ध करायचं म्हणजे नमुना उबेत ठेवून काही उगवतंय का याची वाट बघायची. जुन्या रीतीनं याला चौदा दिवस लागतात, आता थोड्या लवकर होणाऱ्या पद्धतीही आहेत. तोवर पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्याही खाली गोठून पडतात. ५ डिसेंबरला फोन आला: तयार आहेत, पुरेशा आहेत. ही देवापुढं साखर ठेवायला गेली. मी बागेत गेलो. सेहेचाळीस दिवसांची बाग, फुलोरा संपत आलेला.

खारघरला एक खोली भाड्यानं घेतली. रुग्णालयापासून लांब जायचं नाही, महिनाभर सोबत चोवीस तास माणूस हवं, हा नियम. ११ डिसेंबरपासून तीन दिवस फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फामाइड. हा केमो कॅन्सरसाठी नव्हे, जागा करायला. अंगातल्या जुन्या लिम्फोसाइट कमी केल्या की नव्यांना वाढायला मोकळं रान मिळतं. रोप लावायच्या आधी वाफ्यातलं तण काढतो तसं, आणि तण काढल्यावर अंग जसं मोडून येतं तसंच आलं.

१६ डिसेंबर. शून्य दिवस. बाग सत्तावन्न दिवसांची.

पेशींचा डबा बघून मला हसूच आलं. आमच्याकडं जनावरांचे डॉक्टर गाईला भरवायला येतात तेव्हा मोटारसायकलला जो नायट्रोजनचा डबा बांधलेला असतो, त्याचाच हा थोरला भाऊ. झाकण उघडलं की तोच पांढरा धूर. दोन नर्स समोरासमोर उभ्या राहून क्रमांक मोठ्यानं वाचू लागल्या, एक पिशवीवरचा, एक माझ्या मनगटावरचा. मला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. पिशवी कोमट पाण्यात धरून वितळवली. हाताच्या तळव्यात मावेल एवढी पिशवी. पंधरा मिनिटांत रिकामी झाली. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून एक द्रावण घालतात, त्याचा वास श्वासातून बाहेर येतो. ही म्हणाली, लसणाची फोडणी करपल्यासारखं. दोन दिवस खोलीभर तोच वास होता. बाकी काहीच झालं नाही. एवढं सगळं करून शेवटी काहीच होत नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

झालं ते तिसऱ्या रात्री. ताप १०३. अंगातला ताप नव्हे, हाडातला. डॉक्टर म्हणाले, पेशींना आजार सापडला, त्या वाढताहेत आणि मारताहेत, त्या गडबडीत जी रसायनं सुटतात त्यांचं हे वादळ. रक्तदाब ८० च्या खाली गेला तेव्हा अतिदक्षता विभागात हलवलं आणि टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन दिलं. हे मुळात संधिवाताचं औषध. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी त्याची गोष्ट सांगितली. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाची सहा वर्षांची मुलगी हा उपचार घेणारं पहिलं मूल होती. तिला असंच वादळ आलं, वाचायची आशा राहिली नव्हती. तपासणीत एक रसायन भयंकर वाढलेलं दिसलं. कार्ल जून नावाच्या शास्त्रज्ञाच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्या रसायनावरचं औषध त्यांच्या माहितीत होतं. ते दिलं आणि मुलगी उठून बसली. मला वाटलं, त्या पोरीचा संधिवात आज माझ्याही कामी आला.

ताप उतरला. पण रोज सकाळी एक वेगळीच परीक्षा चालू होती. हे वादळ कधी कधी मेंदूपर्यंत जातं, म्हणून नर्स येऊन विचारायची: साल कुठलं, महिना कुठला, गाव कुठलं? हे काय आहे, पेन, घड्याळ, खाट? शंभरापासून दहा-दहा उतरत या. आणि कागदावर एक वाक्य लिहा, रोज तेच. मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं: "माझी बाग सावळजला आहे." नर्स केरळची, मराठी वाचता येत नव्हतं. ती कालचा कागद आजच्या शेजारी धरून अक्षरांची ठेवण जुळवून बघायची.

सहाव्या दिवशी मी लिहिलं, नर्सनं बघितलं, ओळ थोडी उतरली होती पण ठीक म्हणाली. खाटेच्या या बाजूनं ही वाकून बघत होती. "सिस्टर, थांबा. यांनी ज गाळलाय." मी "माझी बाग सावळला आहे" असं लिहिलं होतं. तीस वर्षं सातबाऱ्यावर, सोसायटीच्या पावतीवर, द्राक्षाच्या पेटीवर लिहिलेलं गावाचं नाव. मला कागद दाखवला तरी चूक दिसत नव्हती, हे जास्त वाईट. शंभरापासून उतरताना साठावर अडकलो. लगेच स्टेरॉइड सुरू केलं. देशी कार-टीत हा मेंदूचा त्रास कमी दिसतो असं आधी सांगितलं होतं, आणि मला झाला तोही हलकाच. दोन दिवसांत ज परत आला. त्या दोन दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. ही सांगते की मी डॉक्टरांना पाणी किती वाजता सोडायचं ते विचारत होतो.

पुढचे तीन आठवडे कंटाळ्याचे. पांढऱ्या पेशी खाली, प्लेटलेट खाली, एक दिवसाआड रक्त, पोटात इंजेक्शनं. खारघरच्या खोलीत ही सगळं उकळून, शिजवून द्यायची. कच्चं काही नाही. फळ खायचं तर जाड सालीचं, सोलून. केळ चालेल, मोसंबी चालेल. द्राक्ष अजिबात नाही. बाजारात येणाऱ्या पहिल्या मालाचे भाव मी मोबाईलवर रोज बघत होतो आणि केळ खात होतो.

बाग मुलानं सांभाळली. रोज सकाळी व्हिडिओ कॉल करून घड दाखवायचा. एकदा भुरी, घडावरची बुरशी, त्याच्या नजरेतून सुटली आणि मला मोबाईलच्या पडद्यावर दिसली, तेव्हा मी खाटेवरून असा ओरडलो की नर्स पळत आली.

१५ जानेवारीला, तिसाव्या दिवशी, पेट स्कॅन झाला, म्हणजे जिथं पेशी जोरात काम करतात ती जागा उजळून दाखवणारी तपासणी. मानेची गाठ गेली होती, पोटात एक ठिपका उजळत होता. डॉक्टर म्हणाले, हा राहिलेला आजार असेल किंवा अजून लढाई चालू असेल, आत्ता सांगता येत नाही. मला हे उत्तर आवडलं. मण्यात पाणी उतरायला लागलं त्या वेळी गोडी किती येणार हे छातीठोकपणे सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी माल निघाला. मी बांधावर खुर्ची टाकून, मास्क लावून बघत होतो, मातीला हात लावायचा नाही या अटीवर. मातीतली बुरशी माझ्यासारख्याला धोक्याची. दर बरा लागला नाही, निम्मा माल बेदाण्याला गेला. १६ मार्चच्या स्कॅनमध्ये तो ठिपका नव्हता.

आजार गेला असं अजून कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. सीडी१९ चांगल्या बी पेशींवरही असतो, त्यामुळं माझ्या पेशींनी त्यांचाही फडशा पाडलाय. अँटिबॉडी तयार करायचं काम त्यांचं, म्हणून अधूनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, बाहेरून शिरेतून घ्यावं लागतं. ते महाग आहे आणि किती दिवस लागेल सांगत नाहीत. गाडी चालवायची बंदी आठ आठवड्यांनी उठली. सर्दी झाली तरी डॉक्टरांना फोन.

एप्रिलच्या मध्यावर खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची छाटणी, होती. छाटणीची टोळी जतकडची, दर वर्षीचीच. त्यांतल्या म्हाताऱ्या मुकादमानं मला बांधावर बसलेलं बघितलं आणि जवळ आला. "अण्णा, पुण्यामुंबईकडं पेशी लावून आलासा म्हणं. किती दिस झालं?"

"एकशेवीस," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पहिली काडी कापली. बाग शून्यावर आली.